पाठवणं फुकट, निस्तरणं विकत

प्रश्न : ताई, मी घरून व्हिडिओ एडिटिंगची कामं घेते. मुलाखती, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, असं. वीस मिनिटांची तयार फाइल साधारण १८ जीबीची होते. आतापर्यंत एका फुकट सेवेवरून तुकडे करून लिंक पाठवत होते. गेल्या महिन्यात एक ग्राहक बाहेर होते, त्यांनी लिंक नवव्या दिवशी उघडली, आणि मुदत सातव्याच दिवशी संपलेली. तोवर मी जागा हवी म्हणून फाइल लॅपटॉपवरून उडवली होती. सगळं पुन्हा एक्स्पोर्ट करावं लागलं. म्हणून पैसे भरायच्या एका फाइल शेअरिंग अ‍ॅपची चौदा दिवसांची चाचणी घेतली, ती परवा संपते. जाहिरातीत ‘दहापट वेग’ म्हटलंय, पण अपलोडला अजून दोन-सव्वादोन तास लागतातच. मोबाइलवरचं शूटिंग लॅपटॉपवर आणायलाही तेच वापरतेय, आणि जुनी कामंही त्यातच ठेवावीत असं मनात आहे. मुलगी म्हणते घेऊन टाक. हे म्हणतात, फुकटात ढीगभर मिळतात, पैसे कशाला घालवायचे? वर्षाची वर्गणी भरू का?

उत्तर : वर्षाची नको. का ते सांगते, पण आधी तुमचं काम सुटं करून घेऊ, कारण तुम्ही एकाच अ‍ॅपच्या गळ्यात तीन कामं बांधली आहेत. टेबलावरच्या मोबाइलमधलं टेबलावरच्याच लॅपटॉपमध्ये आणणं हे एक. दूरच्या माणसाच्या हाती तयार फाइल देणं हे दुसरं. जुनं सांभाळून ठेवणं हे तिसरं. यातलं पहिलं फुकटात जास्त चांगलं होतं, तिसरं या अ‍ॅपचं कामच नाही, आणि पैशाचा विचार करायचा तो फक्त दुसऱ्यासाठी.

त्या ‘दहापट वेगा’चा निकाल लावू. फाइलचा आकार बाइटमध्ये सांगतात आणि इंटरनेटचा वेग बिटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. ही आठाची फोड जाहिरातवाल्यांना फार सोयीची पडते. तुमची १८ जीबीची फाइल म्हणजे १,४४,००० मेगाबिट. तुम्ही अपलोडचा वेग लिहिला नाहीत, पण दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद. भागून पाहा, उत्तर २० येतं. म्हणजे तुमचं कनेक्शन सेकंदाला २० मेगाबिटच्या आसपास वर ढकलतंय. घोडं पेंड खातंय ते इथे. बऱ्याच कनेक्शनांवर खाली येण्याचा वेग मोठा आणि वर जाण्याचा त्याच्या एका तुकड्याएवढाच असतो, आणि घेताना आपण मोठा आकडा तेवढा बघतो. अ‍ॅप फुकट असो की विकतचं, घरातून बाहेर पडणारा रस्ताच अरुंद असेल तर त्यावरून गाड्या तेवढ्याच जाणार.

जाहिरात निखालस खोटी आहे असंही नाही. सर्व्हर फार लांब असला की फाइल एकाच धारेत पाठवताना रस्ता पूर्ण भरत नाही. पोचल्याच्या पावत्या परत येण्याची वाट पाहण्यात वेळ जातो. चांगली अ‍ॅप्स फाइलचे तुकडे करून चार-सहा धारांत एकाच वेळी पाठवतात, आणि मग फरक पडतो. तुम्हाला पडतोय का ते तपासणं सोपं आहे. स्पीड टेस्ट लावा, अपलोडचा आकडा लिहून घ्या. मग त्या अ‍ॅपवरून एखादी २ जीबीची फाइल चढवा आणि घड्याळ लावा. २० एमबीपीएसला (म्हणजे सेकंदाला २० मेगाबिट) तिला तेरा-साडेतेरा मिनिटं लागायला हवीत. तेवढीच लागली, तर रस्ता आधीच भरलेला आहे आणि कोणालाही कितीही पैसे दिलेत तरी काही होणार नाही. त्या पैशात कनेक्शनचा वरचा प्लॅन येतो का ते बघा, रोज उपयोगी पडेल.

आता एक आगाऊपणा करते, कारण मला तुमच्या पत्रात खरी गफलत इथे दिसली. वीस मिनिटांना १८ जीबी म्हणजे सेकंदाला १२० मेगाबिट. ही झाली पक्की, शेवटची फाइल. पण ग्राहक पहिल्यांदा बघून काय म्हणतात? ‘तिसऱ्या मिनिटाला नाव चुकलंय’, ‘शेवट जरा लांबलाय’. एवढं सांगण्यासाठी त्यांना १८ जीबी कशाला हव्यात? पसंतीसाठी सेकंदाला पाच मेगाबिटची हलकी प्रत काढा, कोपऱ्यात ‘तपासणी प्रत’ असं लिहून. वीस मिनिटांची ती प्रत होते ७५० एमबीची. तुमच्याच कनेक्शनवर पाच मिनिटांत चढते आणि ग्राहक मोबाइलवरसुद्धा बघतात. दोन-तीन फेऱ्या अशा हलक्या प्रतींवर उरकल्या की पक्की फाइल एकदाच पाठवायची. दर बदलाला दोन तास जात असतील तर तो दोष अ‍ॅपचा नाही. मीही पूर्वी प्रत्येक दुरुस्तीला पूर्ण फाइल पाठवायचे आणि स्वतःला फार काटेकोर समजायचे.

मोबाइल ते लॅपटॉप. दोन्ही वस्तू हातभर अंतरावर, आणि शूटिंग जातंय कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर आणि तिथून परत येतंय. काखेत कळसा नि गावाला वळसा, तोही अरुंद रस्त्याने. फोर-के, सेकंदाला तीस फ्रेम, एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत बसवण्याची पद्धत) अशा सेटिंगवर आयफोनची एका मिनिटाची फाइल सुमारे १७० एमबीची होते. अर्ध्या तासाची मुलाखत म्हणजे पाच जीबी. ती तुम्ही आधी वर चढवताय आणि मग खाली उतरवताय.

इथे तुमच्या यजमानांचं म्हणणं शंभर टक्के खरं. दोन्ही यंत्रं अ‍ॅपलची असतील तर एअरड्रॉप आहेच. अँड्रॉइडवर क्विक शेअर आहे (पूर्वीचं निअरबाय शेअर, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या सेवेशी एकत्र करून नाव बदललं), आणि ते विंडोजसाठीही मिळतं. एक यंत्र या कुळातलं आणि एक त्या, अशी सरमिसळ असेल तर लोकलसेंड घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत, मुक्तस्रोत आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. इंटरनेट बंद असलं तरी चालतं, कारण फाइल घराबाहेर जातच नाही. दोन्ही यंत्रं एका वायफायवर असली की झालं. ‘समोरचं यंत्र दिसत नाही’ अशी तक्रार आलीच तर दोन जागा बघा. एक, दोघांपैकी एखादं राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर तर नाही ना. तिथे यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. दोन, विंडोजने तुमचं घरचं वायफाय ‘पब्लिक’ समजून फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारी भिंत, आडवी घातली आहे का. माझ्याकडे दुसरं निघालं होतं. अ‍ॅपला दोन दिवस शिव्या घातल्या, दोष होता एका टिकमार्कचा.

आणि केबल विसरू नका. मात्र कुठलीही नाही. फोनसोबत येणाऱ्या पुष्कळ चार्जिंग केबल यूएसबी २ च्या असतात, म्हणजे कागदावर ४८० एमबीपीएस. यूएसबी ३ ची सुरुवातच ५ गिगाबिटपासून, म्हणजे ५,००० एमबीपीएसपासून आहे. फोनचं तोंडही बघा. साध्या आयफोन १५ ला यूएसबी-सी आहे खरं, पण आतला वेग यूएसबी २ चाच. तिथे महागडी केबल आणून उपयोग नाही.

फुकटाबद्दल एकच सावधगिरी. शोधल्यावर पहिलं दिसलं ते उतरवलं असं करू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने शेअरइटच्या अँड्रॉइड अ‍ॅपमधल्या त्रुटी जाहीर केल्या होत्या, आणि ते कोणी न ऐकलेलं अ‍ॅप नव्हतं, कोट्यवधी लोकांच्या फोनमध्ये होतं. फाइल पाठवण्याच्या अ‍ॅपला तुमचं सगळं स्टोरेज उघडून द्यावं लागतं. असं अ‍ॅप जाहिरातींवर जगत असेल तर मी ते ठेवत नाही.

आता दुसरं काम, जिथे तुम्हाला ठेच लागली. नीट पाहिलंत तर तुमची फाइल पोचली होती. अडचण पोचल्यानंतरची होती: लिंक किती दिवस जिवंत राहते, ग्राहकाने उतरवून घेतली का, आणि नसेल घेतली तर तुम्हाला कळतं का. पाठवण्याचे पैसे कोणी मागत नाही हो, पैसे मागतात ते या निस्तरण्याचे.

तरी पैसे काढण्याआधी एक फुकट पर्याय वापरून बघाच. स्विसट्रान्सफर नावाची सेवा आहे. एका वेळी ५० जीबीपर्यंत पाठवता येतं, लिंक ३० दिवसांपर्यंत ठेवता येते, पासवर्ड घालता येतो, खातं लागत नाही. तुमची १८ जीबीची फाइल तुकडे न करता बसते आणि नवव्या दिवशीचा ग्राहकही बसतो. याउलट गूगल ड्राइव्हच्या फुकट १५ जीबीत ती एक फाइलही मावत नाही, आणि ती जागा ड्राइव्ह, जीमेल, फोटो या तिघांची मिळून आहे. जागा काठोकाठ भरली की जीमेलवर पत्रं यायची बंद होतात. ग्राहकाला फाइल पाठवायच्या नादात त्याच ग्राहकाची मेल परत जायची.

मग विकतचं कशाला, असं यजमान विचारतील. त्याचं उत्तर असं, की फुकट सेवेने तुमच्याशी काही कबूल केलेलं नसतं. वनड्राइव्हची फुकट जागा १५ जीबी होती, २०१६ मध्ये ती ५ वर आली. ड्रॉपबॉक्सने मार्च २०१९ मध्ये फुकट खात्याला तीनच यंत्रं जोडता येतील असं केलं. फायरफॉक्स सेंड ही फाइल पाठवायची फुकट सेवा, ती मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, मला फार आवडलं होतं. लोकांनी त्यावरून व्हायरस वाटायला सुरुवात केली, जुलै २०२० मध्ये ते थांबवलं आणि सप्टेंबरात कायमचं मिटवलं. गूगल फोटोजची अमर्याद साठवण १ जून २०२१ ला संपली. यात कोणी कोणाला फसवलं असं मी म्हणत नाही, त्यांचं अंगण, त्यांचे नियम. पण ज्या फाइलवर तुमचं बिल अडलंय ती दुसऱ्याच्या अंगणात किती दिवस ठेवायची ते तुम्ही ठरवा. पैसे भरले की नियम बदलत नाहीत असंही नाही, फक्त बदलताना बहुधा तुम्हाला आधी कळवतात आणि भांडायला एक पत्ता असतो.

तुमच्या अ‍ॅपमध्ये तो दम आहे का हे चाचणी संपायच्या आत पाहून घ्या. आजच एक मोठी फाइल चढवायला लावा आणि निम्म्यावर गेली की वायफाय बंद करा. पाच मिनिटांनी चालू करा. जिथे तुटलं तिथून पुढे सुरू झालं तर उत्तम. पहिल्यापासून सुरू झालं तर दोन तासांच्या अपलोडवाल्या माणसाने ते अ‍ॅप हातातही धरू नये, मग ते फुकट का असेना. (ब्राउझरमधून चढवताना हे बरेचदा अडतं, संगणकावर बसवायचं अ‍ॅप बहुधा जास्त चिवट असतं, म्हणून दोन्हीकडून करून बघा.) मग ती लिंक अशा माणसाला पाठवा ज्याच्याकडे ना ते अ‍ॅप आहे ना खातं. वयाने मोठ्या, मोबाइलशी फटकून वागणाऱ्या एखाद्या काकांना निवडा. तुम्हाला फोन न करता त्यांना फाइल उतरवता आली पाहिजे. आधी नोंदणी करा, मग अ‍ॅप घ्या, मग ओटीपी असं सुरू झालं की तुमचा ग्राहक ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा ना’ म्हणणार. आणि तिथे साध्या व्हिडिओसारखी पाठवलेली फाइल दाबून-चेपून पोचते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते, पण २ जीबीपर्यंतच. तपासणी प्रतीसाठी तेवढं पुरे, पक्क्या फाइलसाठी नाही.

काकांनी फाइल उतरवली की ‘अमुक वाजता उतरवली’ अशी सूचना तुमच्याकडे आली का ते बघा. ही पावती माझ्या लेखी सगळ्यात मोलाची. ती असती तर आठव्या दिवशीही तुम्ही फाइल उडवली नसतीत.

आणि शेवटी, पैसे भरण्याआधी वर्गणी बंद करण्याचं पान शोधा. दोन मिनिटांत सापडलं नाही तर ते मुद्दाम लपवलंय असं समजा. तिथेच हेही वाचा, की वर्गणी थांबली तर चढवलेल्या फाइलचं आणि ग्राहकांकडे असलेल्या लिंकचं काय होतं.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जाहिरातीत ‘२५६ बिट एन्क्रिप्शन’ ठळक लिहिलेलं असणार, म्हणून थोडक्यात. ते फुकट सेवांमध्येही असतं, त्याचे वेगळे पैसे द्यायचं कारण नाही. विचारायचा प्रश्न वेगळा: कुलूप पक्कं आहे हे ठीक, किल्ली कोणाकडे? एंड-टू-एंड असेल तर किल्ली तुमच्याकडे आणि ग्राहकाकडे. नसेल तर कंपनीकडेही. अजून प्रसिद्ध न झालेल्या मुलाखती पाठवत असाल तर लिंकला पासवर्ड घाला, आणि लिंक मेलने पाठवली तर पासवर्ड फोनवर सांगा. दोन्ही एकाच मेलमध्ये घालणारे लोक मी रोज पाहते.

जुनी कामं सांभाळण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते: या अ‍ॅपमध्ये नको. माझी गोष्ट ऐका. एका विकतच्या सेवेत माझं एक फोल्डर लॅपटॉपशी ‘सिंक’ करून ठेवलं होतं. लॅपटॉप भरला, म्हटलं क्लाउडवर आहेच, इथलं काढू. काढलं. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. इथून गेलं म्हटल्यावर त्याने इमानाने तिथूनही काढलं. कचरापेटीत ते तीस दिवस होतं. मला आठवण झाली साधारण सहा आठवड्यांनी. त्यातल्या दोन फायली एका जुन्या ग्राहकाकडून मागून घेतल्या, तेव्हा मेल लिहिताना आलेला संकोच अजून आठवतो. पैसे मी वेळेवर भरत होते, सेवेने काही चुकवलं नव्हतं. मी सिंकला साठवण समजत होते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा हिशोब एडिटिंगवाल्यांना चपखल बसतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुम्ही सुरुवात एका बाहेरच्या हार्ड डिस्कने करा, मग दुसरी घ्या आणि ती बहिणीकडे वगैरे ठेवा, नंतर निवडक पक्क्या फायली क्लाउडवर. डिस्क नवी घेतलीत की तिचं फॉर्मॅट, म्हणजे आत फायली मांडायची पद्धत, बघा; एफएटी-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यात जाणार नाही आणि तुम्हाला वाटेल डिस्कच खराब. एक्सएफएटी करून घ्या, विंडोज आणि मॅक दोन्हींना चालतं. आणि ग्राहकाने ‘मिळाली, उघडली, नीट चालतेय’ असं लिहून दिल्याशिवाय लॅपटॉपवरची प्रत उडवायची नाही.

तर आता परवाचं. तुमच्याकडे महिन्याला तीन-चार मोठ्या फायली जात असतील आणि वरच्या परीक्षांत अ‍ॅप पास झालं, तर महिन्याची वर्गणी घ्या, वर्षाची नाही. वर्षाची स्वस्त पडते हे खरं, पण ती वापराल तेव्हा. मी एकदा सवलत बघून वर्षाची भरली आणि मोजून दोनदा वापरली. तीन महिने महिन्याने चालवा, किती फायली गेल्या ते वहीत लिहा, त्यानंतर मुलीला आणि यजमानांना ती वही दाखवा. महिन्याला एखादीच फाइल जात असेल तर स्विसट्रान्सफर आणि कॅलेंडरवर ‘लिंक संपते’ अशी नोंद, एवढ्यावर भागेल.

चाचणीच्या वेळी कार्डाचा नंबर दिला होता का? दिला असेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते. आजच रद्द करा. बहुतेक ठिकाणी रद्द केल्यावरही चाचणीचे उरलेले दिवस वापरता येतात. तुमच्याकडे तसं नसेल तर आधी वायफायवाली परीक्षा उरका आणि आज रात्री रद्द करा. परवावर ठेवलंत तर वर्गणीचे पैसे आपोआप कापले जाऊ शकतात.